विझायचं राहून गेलेली भट्टी

मित्रांनो, मी सिमेंटच्या कारखान्यातली एक जुनी भट्टी आहे. आडवं, लांबलचक लोखंडी नळकांडं, पोटात विटांचं अस्तर आणि धगधगता जाळ, असं माझं रूप. दिवसरात्र मी स्वतःभोवती फिरत असते.

मी आले तेव्हा काय तो थाट होता! माझ्या सिमेंटातून शाळा, पूल, दवाखाने उभे राहिले. मी फुशारले होते. आता मात्र लाज वाटते. चुनखडी भाजली की दगडातूनच एक न दिसणारा वायू सुटतो, आणि तो जगाचा ताप वाढवतो. दिसते ती धूळ वेगळीच. ती समोरच्या कामगारांच्या खोल्यांवर बसते. तिथेच माझा फिटर राहतो. त्याच्या बायकोला दमा आहे. खिडकीच्या फटींत ती ओली फडकी कोंबते, तरी खोकतेच. जनाची नाही, पण मनाची तरी वाटतेच ना हो!

मालकांची लेक शिकून परत आली. म्हणाली, "बाबा, ही भट्टी काढू आणि लहान बसवू. निम्म्या दगडाऐवजी भाजलेली माती घालू. मातीला एवढा जाळ लागत नाही."

"आणि कर्ज कोण देणार?" मालक म्हणाले. "बँकवाले म्हणतात, आधी दुसऱ्या कुणाला तरी करू दे. शिवाय मातीनं तांबूस झालेलं सिमेंट बघून गवंडी म्हणणार, यात विटांचा चुरा मिसळलाय! हिला काय धाड भरलीय? जुनं ते सोनं."

सोनं कसलं, डोंबल!

"बरं," ते वैतागून म्हणाले, "ही कायमची बंद पडली, तर तुझं ऐकेन."

आणि मी खरोखरच बंद पडले. माझ्या पत्र्याला हातभर तडा गेला. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. फिटर वाकून तडा तपासू लागला, तशी लेक हळूच म्हणाली, "काका, जमत नाही म्हणा. काकूंसाठी तरी."

त्यानं आपल्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ताई, नवी येईपर्यंत चाळीस घरं काय खातील? माझंही त्यातलंच."

त्यानं मला सांधलं. मी फिरू लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी त्याची पाठ थोपटली. लेक निघून गेली.

संध्याकाळी त्याची बायको डबा घेऊन फाटकाशी आली. धुराकडे बघत म्हणाली, "लागली का पुन्हा?"

"लागली."

"बरं झालं बाई. हात नाही ना भाजले तुमचे?"

आणि तिला खोकल्याची उबळ आली. त्याची मान वर झाली नाही. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मित्रांनो, वस्तू जपा, दुरुस्त करा, असं तुम्हाला मोडकी खुर्चीसुद्धा सांगेल, आणि ते खरंच आहे. मी मात्र उलटंच मागते. पुढच्या वेळी मी मोडले तर मला मोडू द्या. पण त्याआधी त्या चाळीस घरांची सोय करा, म्हणजे माझ्या फिटरला 'जमत नाही' म्हणता येईल.