आबांचा धोंडा

आंदर मावळातल्या आपल्या वाडीवरून हिरी लोकांना धबधब्यावर न्यायची. पाच पावसाळ्यांत खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय ती आबांच्या धोंड्याला द्यायची. वाटेतल्या ओढ्याच्या पल्याड, उघड्या कातळावर तिच्या वडिलांनी एक काळा धोंडा ठेवला होता. पाणी धोंड्याला टेकलं की ओढ्यात पाय घालायचा नाही. मग कुणी रडो, कुणी रुसो. यंदा दोन गट तिने असे ताटकळत ठेवले. त्यांनी मोबाइलवर नावं ठेवली, आणि ते तिच्या नवऱ्याला, शिदूला, फार झोंबलं होतं.

त्या रविवारी सकाळी पाणी घोट्याएवढं होतं. धोंड्याकडे बघायची गरजच पडली नाही. दुपारी सहाजणांना घेऊन ती धबधब्यावरून उतरली तेव्हा मात्र ओढा गढूळला होता, तळाशी गोटे गडगडत होते. वाडीकडच्या काठावर शिदू ओढ्यावर आडव्या बांधलेल्या दोरापाशी उभा होता.

"ये की, धोंडा कोरडा हाय," तो ओरडला.

कोरडा होता खरा. तरी हिरी गोट्यांचा आवाज ऐकत थबकली. कान नको म्हणत होते, धोंडा हो म्हणत होता, आणि धोंडा आजवर खोटा पडला नव्हता.

"मावशी, आमची गाडी चुकेल," गटातला सार्थक म्हणाला. या मंडळींना धबधब्यापाशी दीडशे फोटो काढायला वेळ असतो, उतरताना मात्र सगळ्यांच्या गाड्या चुकतात.

हिरीने दोर धरला, तेजल नावाच्या मुलीचा हात घट्ट पकडला आणि पाण्यात उतरली. दुसऱ्याच पावलाला पाणी मांडीला लागलं. तिने मागे वळून पाहिलं. धोंड्याखालून चेपलेलं हिरवं गवत डोकावत होतं. कातळावर गवत कुठलं?

तिने तेजलला खसकन मागे ओढलं.

"समदी वर चढा. मागं बघू नगा."

सार्थक धुसफुसत चढला. तो वर पोचतो न पोचतो तोच लोंढा आला. वाहत आलेलं झाड दोरात अडकलं आणि दोर खुंट्यासकट उपटून घेऊन गेलं. हिरीला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता.

"धोंडा कुनी हलवला?" तिने पलीकडे हाक दिली.

शिदू मटकन खाली बसला.

तीन तासांनी पाणी उतरलं. हिरीने आधी धोंडा जुन्या जागी, कातळावरच्या पांढुरक्या डागावर नेऊन ठेवला. पाणी त्याच्या खाली गेल्यावरच तिने साखळी करून सगळ्यांना पार केलं.

काठावर शिदूने हात पुढे केला. "सकाळी दोर बांधताना दोनच हात वर सरकवला. लोक नावं ठिवत्यात म्हून."

"माजा त्या धोंड्यावर इस्वास हुता," हिरी म्हणाली. "तुमच्यावर बी तेवढाच हुता."

तिने त्याचा हात धरला नाही. वळून माणसं मोजली. सहा होती.