करपलेलं घमेलं

दहा वर्षं एकाच घमेल्यावर समोरासमोर बसून शियाच्या झाडाच्या तेलबियांचं वाटण मळलं, आणि आता ही पोरगी आपल्याच घमेल्यात नाक खुपसणार! अजाराला हसूच आलं. गेल्या शुक्रवारी बायकांनी रहिनातूला मागाझिया, म्हणजे गटाची पुढारीण केलं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच पिटल्या होत्या.

आज तमाले शहराहून शियाचं लोणी न्यायला ट्रक यायचा होता. रहिनातू एकेका घमेल्यावर वाकायची, वर आलेल्या लोण्याच्या पांढऱ्या फेसाचा वास घ्यायची आणि "उकळा" म्हणून पुढे सरकायची. अजारापाशी मात्र ती थबकली. तिने दोनदा वास घेतला.

"ताई, बिया करपल्यात. हे नाही पाठवायचं."

सगळ्या बायकांचे हात थांबले. बिया भाजताना अजारा नणंदेची गाऱ्हाणी सांगत बसली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

"अगं बाई! परवापर्यंत माझ्यासमोर बसत होतीस, आज राणीसाहेब झालीस होय? दे की बाकीच्यांत मिसळून. कुणाला कळतंय?"

"तुला कळेल," रहिनातू म्हणाली. "करपलेला वास ओळखायला मला तूच शिकवलंस."

घमेलं हिच्या डोक्यावर उपडं करावं, असा राग आला. पण स्वतःचं नाक कसं नाकारणार? ती उठली आणि घमेलं उचलून, बिघडलेला माल साबणासाठी ठेवायच्या त्या कोपऱ्यात ठेवून आली.

ट्रकवाला आल्या आल्या भडकला. "आठ डबे कबूल केले होते! पुढच्या गावी जाऊ का?"

"सातच आहेत," रहिनातू शांतपणे म्हणाली. "झाकण काढा, वास घ्या, मग खुशाल जा."

त्याने वास घेतला. मग गुपचूप डबे ट्रकात चढवायला लागला. अजाराचा ऊर भरून आला. माझ्या हाताखाली तयार झालीय ही, असं गावभर ओरडत सुटावंसं वाटलं तिला.

ट्रक गेला तशी रहिनातू दिसेना. अजाराला ती शेडमागे सापडली. उपड्या उखळावर बसली होती.

"ताई, आता तू माझ्याशी बोलणार नाहीस ना?"

"बोलेन की. आधी चार शिव्या देईन, मग बोलेन."

अजारा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दोन शिव्या झणझणीत दिल्या. तिसरी अर्ध्यावरच टाकून ती रहिनातूला सरकवून तिच्याशेजारी उखळावर बसली.