निरोप ज्याचा त्याला

"चालतंय ना आता? मग ती ओळ राहू द्या की तिथंच," मॅनेजर म्हणाली.

"ती ओळ आहे म्हणून चालतंय. म्हणूनच ती ठेवता येणार नाही," पोस्टमास्तर म्हणाला.

"गिऱ्हाइकाला चालण्याशी मतलब. तुम्ही ना, उगाच जिवाला त्रास करून घेता."

पोस्टमास्तर हे त्याला ऑफिसने बहाल केलेलं नाव. कंपनी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती, आणि नेटवर्कवरून येणारा प्रत्येक निरोप ज्या त्या प्रोग्रामच्या हाती पोचवायचा, हा तिचा भाग त्याने लिहिला होता. आजूबाजूची पोरं नोकऱ्या बदलून कुठल्या कुठे गेली. हा मात्र केस पिकले तरी त्याच खुर्चीत, त्याच कोडला चिकटून. चेष्टा आपलीच चाललीय हे त्याला समजायचं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला आवडायचंही. दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

सध्या एका चुकीने त्याच्या नाकी नऊ आणले होते. गर्दीच्या वेळी, तेही क्वचित, एकाचा निरोप भलत्याच्याच हाती पडे आणि सगळी सिस्टीम कोसळे. काय होतंय ते दिसावं म्हणून त्याने कोडमध्ये नोंद छापणारी एक ओळ घातली, तर चूक गायब. ओळ काढली की पुन्हा हजर. काही कार्टी पाहुण्यांसमोर अगदी शहाण्यासारखी वागतात आणि पाठ वळली की धिंगाणा घालतात, तशातली ही चूक होती. नोंद छापायला जो किंचित वेळ लागे, तेवढ्याने आतल्या दोन कामांची टक्कर टळत होती. टळणं म्हणजे मिटणं नव्हे, हे मॅनेजरला कोण समजावणार.

संध्याकाळी तो घरी पोचला. कुलपात किल्ली घालतो न घालतो तोच खिशात फोन वाजला. "पोचलास का?"

"पोचलो," त्याने टाईप केलं.

ही कुणा परक्याची आई होती. कंपनीने दिलेला जुना फोन परत करून त्याने हा नवा नंबर घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारणा आली होती: "पोचलास का? आई." त्याची स्वतःची आई जाऊन जमाना झाला होता. नंबर आधी दुसऱ्या कुणाचा असणार, हे त्या क्षणीच त्याच्या ध्यानात आलं. पण तो दमला होता, आणि तो खरोखरच नुकता पोचला होता. म्हणून त्याने लिहिलं, "पोचलो." दुसऱ्या दिवशी आलं, "जेवलास का?" उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिला. बायको वेगळी झाल्यापासून तो पोचला काय आणि न पोचला काय, विचारणारं कुणी नव्हतं. आता संध्याकाळी जिना चढताना त्याची पावलं आपोआप भरभर पडू लागली होती.

चूक दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली.

प्रत्येक प्रोग्रामला निरोपांसाठी सिस्टीममध्ये एक खण दिलेला असे. निरोप पोचवणारं काम आधी खण बघायचं: हा अमक्याचा, ठीक. मग निरोप आत टाकायचं. या बघण्याच्या आणि टाकण्याच्या मधल्या फटीत दुसरं एक काम यायचं, जुन्या मालकाला काढून खण रिकामा करायचं आणि लगेच नव्याला देऊन मोकळं व्हायचं. पहिल्याला याचा पत्ताच नाही. ते बिचारं जुन्याचा निरोप नव्याच्या खणात टाकून पुढे जायचं, आणि नवा तो आपलाच समजून घ्यायचा. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर होती. बघून टाकेपर्यंत खण कुणाला बदलू द्यायचा नाही, एवढीच दुरुस्ती होती. त्याने ती केली, नोंद छापणारी ओळ काढून टाकली आणि चाचणी सुरू केली.

नव्याचाही काही दोष नाही, असं त्याच्या मनात आलं. हा निरोप आपला नव्हे, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

आपल्याला होता.

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी ती कधी लिहीत नसे. "गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. सहीला घरचं माणूस लागतं म्हणाले. येशील ना?"

तो उठून जिन्यात गेला आणि त्याने फोन लावला.

"बोल रे. आज चक्क फोन?" आवाज खूश होता.

"काकू, मी तुमचा मुलगा नाही."

"कोण बोलतंय? त्याला काही झालंय का?"

"नाही, नाही. त्याला काही झालेलं नाही. हा नंबर आता माझ्याकडे आहे. त्यांनी सोडलेला दिसतोय."

"पण तो तर रोज लिहितो मला."

"ते मी लिहीत होतो."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"नवा नंबर दिला होता त्यानं," ती सावकाश म्हणाली. "फ्रीजवर चिकटवलाय. त्यावर टाकलं की उत्तरच येत नाही. याच्यावर यायचं. म्हटलं, जुनाच वापरतोय अजून."

"चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. मला वाटलं, सुधारला. शेजारणीलासुद्धा सांगून बसले, रोज चौकशीला उत्तर देतो म्हणून."

"गुरुवारी मी येऊ का? सहीला?"

"घरचं माणूस लागतं हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते त्याला फार लागलं. "त्यालाच फोन करते. आता लिहीत बसत नाही."

"उचलतील ते."

"बघू. आणि ते जेवलो म्हणायचात, ते खरं असायचं?"

"रोज नाही."

"वाटलंच मला. विचारायच्या आत जेवलो म्हणून यायचं. जेवत जा वेळेवर. ठेवते."

चाचणी रात्रभर चालली, दुसरा दिवसभर चालली. सिस्टीम एकदाही कोसळली नाही. "जिंकलात की हो, पोस्टमास्तर," मॅनेजर म्हणाली, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला, पाणी प्यायला आणि वेळेवर निघाला.

जिना त्याने सावकाश चढला. कुलूप काढून आत आला, दिवा लावला, फोन टेबलावर उताणा ठेवला. मग भात टाकला, भाजी केली, ताट वाढून घेतलं आणि नीट बसून जेवला. भांडी घासताना त्याला वाटलं फोन थरथरला, म्हणून ओल्या हातानेच जाऊन त्याने पाहिलं.

काही नव्हतं. त्याने फडक्याने फोन पुसला आणि पुन्हा उताणा ठेवला. आता सगळे निरोप ज्याचे त्याला पोचत होते.