लाइट गेली तो भाग

श्रीधररावांनी खोक्यातली शेवटची सीडी अलगद काढली, सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसली आणि देवघराखालच्या कप्प्यात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सरकवून दिली. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ते दचकले. सत्तरी उलटलेल्या माणसाने स्वतःच्याच घरात असं चोरासारखं दचकावं, याची त्यांना लाज वाटली. मग पिशवी घेऊन ते भाजी आणायला निघून गेले.

खोक्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'तंबोऱ्याचं घर'. दूरदर्शनवर ही संगीत मालिका लागायची तेव्हा समर्थनगरात ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. इतक्या वर्षांनी कुणा कंपनीने तिच्या सीड्या बाजारात आणल्या आणि श्रीधररावांच्या मुलीने, विशाखाने, लगेच दोन संच घेतले. एक आईला, अनसूयाबाईंना, एक स्वतःला. मालिकेतल्या गाणाऱ्या नायिकेचं नावही विशाखाच होतं. त्यांनीच ते हट्टाने मुलीला ठेवलं होतं.

रोज दुपारी अनसूयाबाई एक सीडी लावत. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत. "बघा हं, आता वरच्या सुराला जाईल," म्हणत, आणि नायिका बिचारी मुकाट्याने जायची. श्रीधरराव हसून मान डोलवत, पण मनातल्या मनात उरलेल्या सीड्या मोजत. एकेका सीडीबरोबर शेवट जवळ येत होता.

तो शेवट अनसूयाबाईंनी पाहिलाच नव्हता. त्यांनी तो नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

तेव्हा एक रीतच होती. ज्याच्याकडे लाइट असेल त्याने भाग बघायचा, आणि ज्याच्याकडे गेली असेल त्याला दुसऱ्या दिवशी गाण्यांसकट सांगायचा. शेवटचा भाग लागला तेव्हा अनसूयाबाई पैठणला माहेरी होत्या. सासूने त्यांचा तंबोरा माळ्यावर टाकला, त्यावर नवरा एक शब्द बोलला नाही, म्हणून त्या घर सोडून गेल्या होत्या. परत येणार नाही, असं कळवूनही झालं होतं. नेमकी त्या संध्याकाळी पैठणची लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने श्रीधरराव तिथं पोचले आणि ओसरीवर जमलेल्या बायांना त्यांनी भाग सांगितला. मालिकेतली विशाखा घर सोडून निघते, पण वेशीवरून मागे फिरते. सासू स्वतः तिच्या हातात तंबोरा देते. बायांनी डोळ्यांना पदर लावले. अनसूयाबाई आत गेल्या आणि पिशवी भरून बाहेर आल्या.

खरं तर नायिका मागे फिरलीच नव्हती. दार सताड उघडं टाकून ती निघून जाते आणि त्या उघड्या दारावर मालिका संपते. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्याही आठवणीत पुढे गाणीच तेवढी उरली. श्रीधररावांचं निभावलं. तंबोरा मात्र माळ्यावरून कधी उतरला नाही.

एवढ्यावरच असतं तर ते इतके घाबरले नसते. पण गेल्या दिवाळीत विशाखा आली ती ऑक्टोबरच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घालून. शेंद्र्याला नवऱ्याच्या घरी, शंतनूकडे, पुन्हा जायचं नाही म्हणून ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. अनसूयाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"अगं, तुझ्या नावाची ती बाईसुद्धा वेशीवरून परत फिरली. मीही फिरलेच की. होतं हळूहळू सगळं नीट."

श्रीधरराव तिथंच बसले होते. ते उठले आणि तिच्या परतीसाठी रिक्षा बोलवायला गेले.

आज जेवणं झाल्यावर अनसूयाबाईंनी टीव्ही लावला नाही. त्या नुसत्याच बसून राहिल्या.

"आज बघायचं नाही का?" श्रीधररावांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"शेवटची सीडी नाही खोक्यात."

"आलीच नसेल. या कंपन्यांचं काही खरं नाही. बदलून मागवू."

"असेल तसंच. तुम्ही भाजीला गेला होतात ना, तेव्हाच विशाखाला फोन केला. म्हटलं, तुझ्याकडची लाव, बघ आणि मला सांग. आपली रीतच आहे ती."

श्रीधररावांच्या हातातला पेपर खाली आला.

"काय म्हणाली?"

"घरी एकटीच आहे, लगेच लावते म्हणाली. मग तिचा फोनच नाही. मी लावला तर उचलत नाही."

दुपार सरता सरेना. श्रीधरराव दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. उन्हं उतरल्यावर फोन वाजला तो शंतनूचा.

"बाबा, विशाखा तिकडं आलीय का?" त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी आत्ता घरी आलो तर दार सताड उघडं. टीव्ही चालू, मोबाइल इथंच पडलेला. तुमच्याकडंच येणार, दुसरीकडं कुठं जाईल? आली की बसवून ठेवा तिला. आईंना नका सांगू, उगाच काळजी करतील. मी निघालोच आहे."

"बरं," श्रीधरराव म्हणाले. आयुष्यभर ते हेच म्हणत आले होते.

त्यांनी मागे वळून पाहिलं. अनसूयाबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. दिवेलागणीची वेळ झाली होती, आणि काडेपेटी त्याच कप्प्यात असते हे श्रीधरराव सकाळी साफ विसरले होते. अनसूयाबाईंच्या एका हातात काडेपेटी होती, दुसऱ्या हातात सीडी.

"ती फिरलीच नव्हती ना मागे?"

श्रीधररावांनी नकारार्थी मान हलवली. अनसूयाबाई रडतील, ओरडतील म्हणून ते वाट पाहत राहिले. पण अनसूयाबाईंनी सीडी टेबलावर ठेवली, दिवा लावला, हात जोडले.

"शंतनूचा होता ना फोन?"

"निघालाय तो. ती आली तर बसवून ठेवा म्हणाला."

फाटकाबाहेर एक गाडी येऊन थांबली. रिक्षा की शंतनूची गाडी, आवाजावरून कळेना. श्रीधरराव दाराकडे जायला निघाले, तशा अनसूयाबाई त्यांच्या आडव्या आल्या. इतक्या वर्षांत त्या अशा कधी आडव्या आल्या नव्हत्या.

"तुम्ही आत बसा," त्या म्हणाल्या. "या वेळी काय सांगायचं ते मी सांगते."

आणि त्यांनी पदर खोचून कडीला हात घातला.