मुरलेला कोड

बटणांच्या डब्यात काहीतरी खुळखुळलं.

दुपारचे सव्वातीन झाले होते. घर इतकं गप्प होतं की पडद्याआड लपलेल्या भिंगरीचा श्वासही ऐकू येत होता. डबा कपाटावर, शिलाई मशीनच्या शेजारी. एकेकाळी बिस्किटांचा, मग बटणांचा, आणि आज सकाळपासून आजीच्या जुन्या फोनचाही. साडेचार वर्षांच्या लेकीचा हात पोचत नाही अशी घरात तेवढी एकच जागा उरली होती.

"आई, डबा बोलला," पडदा म्हणाला.

"डबे बोलत नाहीत. आणि तू झोपणार होतीस ना गं?"

"मी लपलेय. लपल्यावर झोपायचं नसतं. आजी म्हणायची, झोपलेला माणूस पटकन सापडतो."

भिंगरीच्या आईने स्टुलावर चढून डबा खाली घेतला, झाकण काढलं, बटणांत रुतलेला फोन उचलला. आठ महिने बंद पडलेला हा फोन तिने सकाळी चार्ज करून घरच्या वायफायला जोडून ठेवला होता. आता त्यावर एक ओळ उजळली होती:

*नवीन यंत्रावर मुख्य पासवर्ड टाकला गेला आहे. तुम्हीच का?*

खाली दोन चौकोन. हो. नाही. ओळीच्या कडेला वेळ, तीन पंचवीस.

तिला हसू आलं. लॅपटॉप अजून पिशवीतच होता. इतक्या महिन्यांचे तुंबलेले संदेश एकदम आले की असे उलटसुलट येणारच. तिने ना हो दाबलं ना नाही. फोन टेबलावर ठेवला आणि लेकीसाठी दूध गरम करायला गेली.

ती एका कान तपासणीच्या दवाखान्यात काम करायची. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि त्याने हातातलं बटण दाबलं की कागदावर खूण करायची. काही जण आवाज नसतानाही बटण दाबायचे. म्हातारी माणसं जास्त. ती अशा वेळी काही बोलायची नाही, थोडी थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. आज तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि कारण विचारल्यावर "घरचं काम" एवढंच सांगितलं होतं.

काम होतं तिच्या आईच्या तिजोरीचं. तिजोरी म्हणजे पासवर्ड मॅनेजर. पण आईला तो शब्द आवडायचा नाही. "मॅनेजर कसला? कुलूपच तर आहे," म्हणायची. तिची आई टपालखात्यात पत्रं निवडायच्या टेबलावर तीस वर्षं उभी होती. टपालाची गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून घरातली सगळी घड्याळं तिने कायम दहा मिनिटं पुढे ठेवली. निवृत्त झाल्यावरही ठेवली. लोक कौतुकाने हसायचे, मुलं वैतागायची, घड्याळं पुढेच राहायची. तीच शिस्त तिजोरीत. सगळे पासवर्ड, कागदपत्रांचे फोटो, डॉक्टरांचे नंबर, एकेक आपापल्या खणात. आणि शेवटच्या महिन्यात, दवाखान्यातल्या खाटेवरून, आणखी एक.

"भिंगरीसाठी माझा आवाज ठेवलाय तिजोरीत," आई फोनवर म्हणाली होती. "घाई नाही. लागेल तेव्हा काढ."

तो आता लागत होता. मागच्या आठवड्यात पोरीने अंघोळीच्या वेळी विचारलं होतं, "आजी कशी बोलायची गं?" तिने आईची नक्कल करून दाखवली. पोरीने मान हलवली. "नाही, असं नाही." तिने पुन्हा केली. "असं पण नाही." तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, आईचा आवाज तिलाच आठवत नव्हता. शब्द आठवत होते. आवाजाच्या जागी नुसतं भोक. दिवसभर लोकांना बारीकातला बारीक आवाज ऐकवणारी बाई, आणि स्वतःच्या कानात एवढी पोकळी.

त्यात तिजोरीच्या कंपनीची तीन पत्रं येऊन पडली होती. ज्यांनी आज संध्याकाळी पाचपर्यंत आपलं टू-फॅक्टरचं, म्हणजे पासवर्डनंतरच्या कोडचं, दुसरं कुलूप चालू फोनवर पक्कं केलं नाही, त्यांची तिजोरी आतल्या सगळ्यासकट पुसली जाईल. पहिली दोन पत्रं तिने वाचून मिटवली होती. आईचं काही उघडायचं म्हटलं की हातच चालत नसे.

दूध पिऊन भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली. तिने लॅपटॉप उघडला आणि आईने पाठ करून घेतलेला मुख्य पासवर्ड टाकला. भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले होते. शेजारी आईचा फोन गप्प पडला होता.

पासवर्ड लागला. आता सहा आकडी कोड. आईच्या फोनवर कोडचं ॲप होतं, दर अर्ध्या मिनिटाला आकडे बदलत होते. तिने बघून टाकले. चूक. पुन्हा टाकले, एकेक आकडा बोटाने दाखवत. चूक. तिसऱ्यांदाही चूक, आणि खाली लाल अक्षरांत: आणखी दोन वेळा चुकल्यास तिजोरी सात दिवस बंद राहील.

सात दिवस. पाच वाजता सगळंच संपणार होतं. तिने भावाला फोन लावला.

"दादा, कामात आहेस?"

"तुझा फोन आला म्हणजे काम संपलंच. बोल."

"आईच्या तिजोरीचा कोड चालत नाहीये. तिच्याच फोनवरचा टाकतेय, तरी चूक म्हणतंय. आता दोनच संधी आहेत."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मुरू दिलास का?"

"काय?"

"कोड गं. विसरलीस? ताजा कोड त्यांना पचत नाही, म्हणायची ना ती. कागदावर लिहून ठेवायचा, चहा टाकायचा, आरामात प्यायचा, कप विसळायचा, मग कोड टाकायचा. मी किती वेळा सांगितलं, आई, कोड अर्ध्या मिनिटात मरतो, मुरणार कधी? तर म्हणे, तुला घाई फार."

तीही हसायला लागली. हसता हसता तिची नजर आईच्या फोनच्या कोपऱ्यावर गेली. तीन शेहेचाळीस. भिंतीवर तीन छत्तीस.

"दादा. तिचा फोन दहा मिनिटं पुढे आहे."

"असणारच. तिचं कुठलं घड्याळ..." तो मध्येच थांबला. "अगं. कोड घड्याळावरूनच बनतो. तिचा फोन दहा मिनिटांनंतरचा कोड आत्ता दाखवतोय. तिचा चहा पिऊन होईपर्यंत तो खरा व्हायचा!"

"म्हणजे आईचंच बरोबर होतं."

"नेहमीसारखं. वैताग आहे नुसता." त्याचा आवाज जरा ओला झाला. "बरं, ऐक. सेटिंगमध्ये जा, वेळ मागे घे. दोन सेकंदांचं काम आहे. झालं की कळव."

ती सेटिंगमध्ये गेली. बोट त्या आकड्यांवर नेलं. ही वेळ आईने स्वतःच्या बोटाने लावली होती. तिच्या मागे तिच्या घरातली घड्याळं वाटली गेली, तिथलं भिंतीवरचं दादाने नेलं आणि पहिल्याच दिवशी सरळ करून टाकलं. आईची वेळ आता जगात एवढ्या एकाच जागी चालू होती. तिने बोट काढून घेतलं.

"भिंगरे, बाहेर ये. आकडे वाचता येतात ना तुला?"

"शंभरपर्यंत!"

"सहाच वाचायचेत. बदलले की लगेच."

दोघी फोनवर वाकल्या. भिंतीवर तीन चाळीस झाले, आकडे बदलले आणि पोरीने शाळेत म्हणतात तसे खड्या आवाजात वाचले. "चार. शून्य. सात. सात. एक. नऊ." तिने ते दवाखान्यातून आणलेल्या एका कोऱ्या तपासणी कागदाच्या पाठीवर लिहिले.

"आता?"

"आता मुरू द्यायचा. मोठा काटा दहावर आला की टाकायचा."

तेवढ्यात पोरीच्या हातातला फोन थरथरला. "आई, गुदगुल्या केल्या याने!"

*तिजोरी उघडली. वेळ ३:५०.*

तिने ओळ वाचली. मग लॅपटॉपकडे पाहिलं. कोडचा चौकोन रिकामा होता. तिने अजून काहीच टाकलं नव्हतं.

मघाचं तिला तेव्हा आठवलं. सव्वातीनला खुळखुळलेला डबा, तीन पंचवीसची वेळ. आणि तिने खरोखर पासवर्ड टाकला तेव्हा हा फोन गप्प राहिला होता. त्याने आधीच सांगून टाकलं होतं. घड्याळ पुढे असलं तर कोड पुढचा दिसेल, हे दादाने समजावलं होतं. पण संदेश बाहेरून यायचा असतो. जे अजून झालंच नाही त्याचा संदेश कोण धाडेल?

दहा मिनिटं. तिने चहा टाकला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. पाणी उकळेपर्यंत ती ओट्याला टेकून लॅपटॉपकडे बघत राहिली. टाकलाच नाही तर? तीन पन्नास येतील, जातील, संदेश खोटा ठरेल, आणि तो फोन म्हणजे घड्याळ चुकलेला एक जुना फोन, बास. पण मग पाच वाजतील. पोर पुन्हा कधी विचारेल, आजी कशी बोलायची, आणि तिच्याकडे ते भोकच असेल.

चहा कसा पिऊन झाला तिला कळलं नाही. कप विसळून ती परत आली. भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून घड्याळाकडे टक लावून बसली होती. "आला! दहावर आला! टाक ना आई."

चार, शून्य, सात, सात, एक, नऊ.

तिजोरी उघडली. आईचा फोन या वेळीही गप्पच होता.

आधी कुलूप. नवीन फोन जोडा, असं स्क्रीनवर होतं, खाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन. तिने स्वतःचा फोन त्याच्यासमोर धरला, तिच्या ॲपमध्ये नवे सहा आकडे आले. ते टाकले, लगेच चालले. ना मुरवणं, ना चहा. मग प्रश्न आला, जुना फोन काढून टाकायचा? त्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तिने दोनदा श्वास घेतला आणि हो दाबलं. *जुना फोन काढला आहे. यापुढे त्यावर कोणताही संदेश येणार नाही.*

"झालं," ती म्हणाली. आईच्या फोनवरून तिने एकदा अंगठा फिरवला, पोरीच्या गालावरून फिरवावा तसा. मग तो परत बटणांत ठेवला, आणि डब्याचं झाकण तळहाताने घट्ट दाबून बसवलं.

तिजोरीच्या शेवटच्या खणात एक फाइल होती. नाव: भिंगरीसाठी. पाऊण मिनिटाची.

"इकडे ये, पिल्ला. कोण बोलतंय ऐक."

तिने फाइल चालू केली. आधी खाटेची करकर, लांब कुठेतरी चाकांचा आवाज. मग एक धपापलेला श्वास, आणि मग ती पोकळी एकदम भरली. असाच. असाच होता आवाज. जरासा घोगरा, शेवटाला हसू दडवलेला.

"एक..."

भिंगरीचे डोळे लकाकले. तिला काही समजवावं लागलं नाही. खुर्चीवरून उडी मारून ती पडद्याआड पळाली सुद्धा.

"दोन... तीन..." प्रत्येक आकड्यानंतर आई श्वास गोळा करत होती. "चार... पाच..." दर दुपारी याच घरात येऊन, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर पदर धरून ती असेच आकडे मोजायची, आणि पोर याच पडद्यामागे लपायची. आता ती टेबलाची कड धरून ऐकत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही. "आठ... नऊ..."

मोठा श्वास.

"दहा. येऊ का?"

फाइल संपली. चार वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्याखाली दोन तळवे दिसत होते, बोटं आवळून धरलेली. घर पुन्हा तसंच गप्प झालं, पोरीचा श्वास ऐकू येण्याइतकं.

आणि बटणांच्या डब्यात काहीतरी खुळखुळलं.

तिने झाकण उघडायला घेतलं. ते निघेना, तिनेच घट्ट बसवलं होतं. नखाने उचकटल्यावर निघालं. बटणांच्या मधोमध उजेड होता.

*नवीन यंत्रावरून कुणीतरी आत येऊ पाहत आहे. तुम्हीच का?*

हो. नाही. वेळ, चार चौदा.

लॅपटॉप तिच्यासमोर उघडाच होता. तिचा फोन तिच्या हातात होता. घरात आणखी कुठलं नवीन यंत्र नव्हतं, आणि दार आतून लावलेलं होतं. काचेच्या खोलीतली ती म्हातारी माणसं तिला आठवली, काहीही वाजलेलं नसताना मान तिरकी करून, अंगठा बटणावर ठेवून बसणारी. तिचा अंगठा दोन चौकोनांच्या मध्ये अडकून राहिला.

"आई," पडद्यामागून कुजबुज आली, लपलेल्या माणसाने बोलावं तितकी हळू. "आजी विचारतेय ना. मी 'ये' म्हणू का?"