बी धरायच्या आधी

“अरे, इथलं फूल कुठंय?”

रेखा गुडघ्यांवर बसल्या बसल्याच ओरडली. ओल्या शेवाळात बोटभर देठ उभा होता आणि त्याच्या टोकाला काहीच नव्हतं. फूल कुणी खाल्लेलं नव्हतं, नखाने खुडलेलं होतं. अर्ध्या तासापूर्वी ऊन गेलं म्हणून ते मिटलं होतं. ऊन येईपर्यंत खालच्या उतारावरच्या डेझींचे फोटो काढावेत म्हणून ती गेली, तेवढ्यात हे.

दत्तप्रसाद, तिचा नवरा, गाडीला टेकून ठेपला खात होता.

“ते पांढरं? ते गणपतीला वाहिलं गं! इतकं सुंदर फूल, म्हटलं, पहिलं बाप्पाला.”

गाडीच्या डॅशबोर्डवर, चिकटवलेल्या गणपतीच्या पायाशी ते पडलं होतं. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळ्या रेघा. जेन्शियन.

“तुला काही अक्कल आहे का रे?”

“एका फुलासाठी?”

“बाबा, यू कान्ट पिक स्टफ हिअर, इट्स अ नॅशनल पार्क,” मागच्या सीटवरून त्यांची मुलगी सुखदा म्हणाली.

“तू गप बस. देवाला वाहिलंय, पायदळी नाही तुडवलं.”

पॉइंट कुक उपनगराजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रेखा आठवड्याचे पाच दिवस लोकांच्या शिरा शोधून रक्त काढायची. लोक तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, तोंड फिरवून बसायचे. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, ती एकटी पाच तास गाडी चालवून या पठारावर यायची आणि चिखलातल्या याच हातभर तुकड्यापाशी पालथी पडून तिथं असेल त्याचा फोटो काढायची. अकरा वर्षं झाली. मध्ये मोकाट घोड्यांनी हा तुकडा पार तुडवला, तेव्हापासून तीन उन्हाळे इथं एक जेन्शियन उगवलं नव्हतं. यंदा उगवलं ते हे एकच. आणि यंदाच, दत्तप्रसादला पहिल्यांदा वाटलं की आपणही बायकोबरोबर जावं. किती आनंद झाला होता तिला!

“तुमचं घराणंच तसलं!” तिचा आवाज चढला. “ठाण्याला तुझ्या आईने मॉर्निंग वॉकला निघायचं ते प्लास्टिकची पिशवी घेऊन. लोकांच्या कंपाउंडातली जास्वंद छत्रीच्या दांड्याने ओढायची. दुसऱ्याची फुलं चोरायची आणि वर पुण्य आपलं!”

“आईला मध्ये आणू नकोस हं, रेखा.”

“आणणार! सकाळी मी तुला बोट दाखवून सांगितलं होतं, की हेच ते. ऐकलंस तरी का?”

“ऐकलं ना. म्हणून तर तेच घेतलं. तुझं आवडतं म्हणून.”

तो हे खरंच बोलत होता. त्यामुळे तर तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दत्तप्रसादने डॅशबोर्डवरचं फूल उचललं आणि लगबगीने तिच्यापाशी येऊन बसला. “हे बघ, चिडू नकोस. मी हे देठावर नीट धरतो, बोटं दिसणार नाहीत. तू काढ फोटो. कुणाला कळणारही नाही.”

रेखा त्याच्याकडे बघतच राहिली. बावीस वर्षांचा संसार, आणि ह्याला वाटतंय, मी नुसत्या फोटोसाठी येते.

“अरे, त्याने बी धरलं असतं,” ती म्हणाली. रडू येऊ नये म्हणून ती एकेक शब्द चावून बोलली. “महिन्याभरात इथंच पडलं असतं ते. पुढच्या वर्षी चार आली असती. आता कुठून येणार? तुझा बाप्पा देणार आहे?”

दत्तप्रसादचा फूल धरलेला हात तसाच देठापाशी अडकून राहिला.

ढग सरकला आणि पठारभर ऊन पसरलं. रेखाने ट्रायपॉड अगदी जमिनीलगत आणला, पालथी पडली आणि फोकस जुळवू लागली.

“आता काय काढतेस?” त्याने हळूच विचारलं.

“यंदाचा फोटो. हात काढ.”

त्याने हात मागे घेतला. तिने श्वास रोखून त्या रिकाम्या देठाचा फोटो काढला.