फाटकावरचं नाव

नोरीनने खांब पुरायचं गिरमिट शेडमधून ओढत बाहेर आणलं आणि लिलावाच्या रांगांपासून लांब, पाण्याच्या टाकीला टेकवून उभं केलं. कुणी चुकून त्यावर नंबराची चिठ्ठी डकवू नये म्हणून कमरेचा एप्रन सोडून दांड्यावर टाकला.

"ते कितव्या नंबरात?" लिलाववाल्या बार्नीने लांबूनच विचारलं. सकाळपासून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"ते विकायचं नाही. आयव्हरचं आहे. कीथने उसनं आणलेलं."

"आयव्हर आलाय?"

"निरोप दिलाय. येईल."

बार्नीने टोपी मागे सरकवली, पुन्हा पुढे ओढली आणि पुढच्या रांगेकडे निघून गेला. नोरीन आणि आयव्हर या विषयावर यारापिन गावात तीन वर्षं कुणी तोंड उघडत नव्हतं, तो तरी कशाला उघडेल.

गव्हाच्या धसकटांत रांगा मांडल्या होत्या. पेरणीयंत्र, नांगराचे फाळ, तारेची भेंडोळी, मेंढ्या कातरायच्या कात्र्या, बादल्या भरभरून गंजके बोल्ट. माणसं वस्तू उचलत, उलटी करून बघत, परत ठेवत. एक विकली गेली की सगळा घोळका पुढच्या वस्तूकडे सरके. अख्खा संसार असा उन्हात पसरलेला बघणं काही सोपं नव्हतं, पण नोरीन रडली नाही. रडायलाही अंगात ताकद लागते, आणि होती नव्हती ती महिनाभर खोकी भरण्यात संपली होती. शेत शेजारच्या ग्लेनने घेतलं होतं. त्याला जमीन हवी होती, घर नको होतं. घराच्या खिडक्यांना तो पत्रे ठोकणार होता.

बायकांच्या मंडळाने व्हरांड्यात चहाचा बंब आणि सँडविचं मांडली होती. डॉट कप भरत होती. नोरीन तिच्याशेजारी येऊन टेकली.

"एक बरं होईल बघ तुझं," डॉट म्हणाली. "अ‍ॅडलेडला निदान चहा तरी धड मिळेल. फाइफरकडच्या बोअरचं पाणी म्हणजे निव्वळ मीठ."

"अ‍ॅडलेडचं पाणी याहून वाईट असतं. आणि डॉट, फाइफर इथून कधीच गेला. ती बोअर मी आणि कीथने मारली."

"हो गं बाई. मी काय कीथचं नाव पुसतेय? सगळे म्हणतात म्हणून म्हणते."

इकडची रीतच तशी. जो जमिनीवर राबतो त्याचं नाव जमिनीला कधी लागत नाही. जो सोडून गेला त्याचं लागतं. तुम्ही झुडपं उपटा, कुंपणं घाला, पोरं लहानाची मोठी करा, लोक त्या जागेला तुमच्या आधीच्याच्याच नावाने ओळखणार. नाव हवं असेल तर आधी जायला हवं. खुद्द गावाची तरी काय वेगळी कथा. पहिल्या जर्मन शेतकऱ्यांनी त्याचं नाव रोझेनटाल ठेवलं होतं. महायुद्धात जर्मन नावं चालेनात, तेव्हा कुणा साहेबाने नकाशावरून मूळ लोकांचा एक शब्द उचलला आणि स्टेशनावर यारापिन अशी पाटी ठोकली. त्या शब्दाचा अर्थ विचारायला मूळ लोकांपैकी इथे कुणी उरू दिलंच नव्हतं. त्यांना सगळ्यांच्या आधी हाकलून दिलेलं. त्यांचाही आता नावापुरता उल्लेख.

नोरीनच्या नवऱ्याचा, कीथचा जन्म गावाच्या पूर्वेला, खाऱ्या तळ्याकाठच्या शेतावर झाला. तो लहान असताना त्या जागेला मिचेलकडे म्हणत. कोरड्या सालांनी बापाची कंबर मोडली, त्याने शेत कून मंडळींना विकलं, आणि सामानाची गाडी फाटकाबाहेर पडली त्या दिवसापासून ती जागा झाली त्यांच्या आडनावाची, डन्स्टनकडे. पुढे लग्न झाल्यावर कीथने गावाच्या पश्चिमेला हे शेत घेतलं. हे फाइफरकडे. म्हणजे स्वतःचं नाव बिचाऱ्याला जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर ऐकावं लागलं. ते त्याला फार लागायचं. एकदा त्याने एका फळीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत 'डन्स्टन' लिहिलं आणि फाटकावर ठोकलं. लोक हसले.

"कीथ, पाटी चुकीच्या फाटकावर लागली रे तुझी," म्हणाले.

कीथ हसला नाही. फळी मात्र राहिली. नोरीनही मग हट्टाने दुकानात, फोनवर, सगळीकडे डन्स्टनकडून आलेय, डन्स्टनकडून बोलतेय, असंच म्हणू लागली. नवऱ्याला तेवढंच बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी, फुटबॉल क्लबच्या जेवणाच्या रात्री, कीथ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून खाली कोसळला. तिने हॉलला फोन लावला. गावची रुग्णवाहिका हॉलमागच्या शेडमध्येच असायची आणि ती चालवणारा आयव्हर जेवायला तिथेच असणार हे तिला ठाऊक होतं. पूर्वी पोस्टातली बाई फोन जोडून द्यायची. कुणाच्या घरातून घंटी वाजली ते तिला कळायचं. ती सोय नुकतीच बंद झाली होती. हॉलमध्ये कुणीतरी फोन उचलला. मागे गाणी, हसणं, ताटल्यांचा आवाज.

"डन्स्टनकडे गाडी पाठवा. छातीत दुखतंय. लवकर," एवढं बोलून ती कीथकडे धावली.

आयव्हरने एक घाससुद्धा गिळला नाही, तसाच उठला. डन्स्टनकडे म्हातारा कून होता आणि त्याचं हृदय आधीच अधू, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आयव्हरने गाडी पूर्वेला पिटाळली. दार म्हाताऱ्या कूनने स्वतःच उघडलं, हातात लोणी लावलेला पाव घेऊन. तिथून उलटं वळून, गाव ओलांडून पश्चिमेला पोचेपर्यंत कीथ संपला होता.

डॉक्टर म्हणाले, गाडी वेळेवर आली असती तरी फरक पडला नसता. पण डॉक्टरांना असं बोलायची सवयच असते. आयव्हरने रुग्णवाहिकेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या. रस्त्यात समोरून आला तर स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचा, इथे सगळेच उचलतात, आणि निघून जायचा. थांबला म्हणून कधी नाही. नोरीनला वाटायचं, त्याने एकदा थांबावं आणि तोंडावर म्हणावं, बाई, तू चुकीचं नाव सांगितलंस. तिला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. उद्या सकाळी मुलगी न्यायला येणार होती. ते न ऐकताच नोरीन गेली असती तर अ‍ॅडलेडच्या फ्लॅटमध्ये बसून रोज स्वतःच स्वतःला ऐकवत राहिली असती. म्हणून तर शेडमध्ये गिरमिट सापडल्यावर तिने ते लिलावात घातलं नाही.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. बायका बंब उचलून घेऊन गेल्या. बार्नीही गेला. रानात जुनं पेरणीयंत्र तेवढं उरलं. ते नेणारा ट्रक बाहेरगावाहून यायचा होता.

आयव्हरचा पिकअप सावकाश आत आला. त्याने इंजिन बंद केलं, पण दार उघडंच ठेवलं, लगेच निघायचं असल्यासारखं. आतला रेडिओ खरखरत होता, इथल्या सगळ्या गाड्यांत असतो तसला, एकमेकांशी बोलायचा. माणूस वाळला होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"हे होय?" तो गिरमिटाकडे बघून म्हणाला.

"दांड्यावर तुझी अक्षरं कोरलेली आहेत."

"मी नवीन घेतलं गं मग."

"माहीत आहे. तरी ने."

त्याने एप्रन नीट घडी करून तिच्या हातात दिला आणि गिरमिट पिकअपच्या हौद्यात चढवलं.

"चहा घेशील?" नोरीनने विचारलं. "किटली अजून बांधली नाही मी."

"नको. घरी मेव्हिस वाट बघत असेल."

"मेव्हिस दिवसभर इथे सँडविचं विकत होती. तू येणार हे तिला माहीत आहे. बस जरा."

तो हौद्याच्या कडेला टेकला. नोरीन उभीच राहिली. बसली तर पुन्हा उठवणार नाही असं तिला वाटलं.

"आयव्हर, त्या रात्री..."

"नोरीन, नको ना."

"मी उद्या जाणार आहे. आज नाही तर..."

तेवढ्यात रेडिओवर कुणीतरी बोलू लागलं. पलीकडचा माणूस दमलेला आणि वैतागलेला होता.

"कुणी आहे का? पेरणीयंत्र न्यायला ट्रक घेऊन आलोय. रस्ता चुकलो बहुतेक."

लगेच दुसरा आवाज आला. तो म्हाताऱ्या कूनच्या नातवाचा होता, नोरीनने ओळखला.

"नोरीनकडे जायचंय ना? धान्याचा सायलो मागे टाक आणि सरळ पश्चिमेला जा. डन्स्टनकडे जाऊ नकोस हां, ते पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे."

आयव्हर उठला आणि रेडिओ बंद करायला खिडकीतून हात घातला.

"राहू दे," नोरीन म्हणाली. "काय म्हणाला तो? कुणाकडे?"

आयव्हरने हात मागे घेतला. टोपी काढली. कपाळावर टोपीची रेघ उमटली होती, ती बोटाने चोळत राहिला.

"नोरीनकडे."

"कधीपासून?"

"कीथला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आग विझवणाऱ्या पथकाची बैठक होती. मी म्हणालो, फाइफरकडे नाही आणि डन्स्टनकडे तर नाहीच, यापुढे नोरीनकडे म्हणायचं. कुणी चकार शब्द काढला नाही. पोरंटोरंही तेच म्हणतात आता."

"डॉट आज दुपारी फाइफरकडे म्हणाली मला."

"तुझ्यासमोर तसंच म्हणायचं ठरलं होतं. तुला कळलं असतं तर कशामुळे, तेही आठवलं असतं."

"मला आठवण करून द्यायला माणसं लागतात का रे?"

नोरीनला रागही आला आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींसाठी ती फार दमली होती. सबंध जिल्ह्यात त्यात राहणाऱ्या माणसाच्याच नावाने ओळखलं जाणारं हे एकच घर होतं, आणि ते तिलाच माहीत नव्हतं.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "नाव मी चुकीचं सांगितलं. तू म्हण एकदा तसं, म्हणजे मी सुटले."

"नाव तू बरोबर सांगितलंस. तुझंच नाव होतं ते." आयव्हर जमिनीकडे बघत होता. "मी विचारायला हवं होतं, कुठलं डन्स्टन म्हणून. दोन शब्द. तेवढे विचारले नाहीत. अजून विचारतोय, गाडीत एकटा असलो की."

टाकीवर गुलाबी काकाकुव्यांचा थवा येऊन बसला, भांडला आणि उडून गेला.

"म्हणजे कीथचं नाव इथे आता कधीच लागायचं नाही," नोरीन म्हणाली. "मी गेल्यावरसुद्धा."

"नाही. लागलं तर परत दोन डन्स्टन होतील."

ते बरोबरच होतं. तिने मान हलवली. बिचारा कीथ, तिला वाटलं, फळी किती मन लावून रंगवली होती त्याने.

रेडिओ पुन्हा खरखरला.

"अरे, मी फाटकाशी आलोय, पण इथे पाटी डन्स्टनची आहे. म्हणजे चुकलोच. मी वळवतो गाडी."

फाटकापाशी धूळ उठलेली इथूनही दिसत होती. ट्रक वळायला मागे सरकत होता. आयव्हर जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता आणि दोन्ही हातांनी त्याने पिकअपची कड धरून ठेवली होती. नोरीन त्याला ओलांडून पुढे गेली आणि उघड्या दारातून आत वाकून माइक काढला.

"कुठलं बटण?"

"बाजूचं. दाबून धर."

"वळवू नकोस," नोरीन म्हणाली. "हेच घर आहे. आत ये."

"पाटीवर तर..."

"पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे. मी नोरीन बोलतेय. तू बरोबर आलायस, बाळा. वळू नकोस आता, सरळ आत ये. आम्ही इथेच आहोत."

पलीकडून काहीतरी हसत बोलल्याचा आवाज आला. धूळ थांबली. मग ट्रकचं नाक फाटकातून आत वळलं आणि धसकटांच्या कडेकडेने हळूहळू घराकडे येऊ लागलं. नोरीनने माइक आकड्याला अडकवला. तो नीट बसेना, म्हणून दोनदा अडकवावा लागला.

आयव्हरने शर्टच्या बाहीने तोंड पुसलं. ट्रक टाकीपर्यंत येईस्तोवर तो त्याच्याकडेच बघत होता.

"तो चहा," तो म्हणाला, "आहे का अजून?"

"आहे. खारट लागेल."

"चालेल," आयव्हर म्हणाला आणि पिकअपचं दार लावून टाकलं.